दाखला मुदतीत मिळत नाही तेव्हा: महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेरीबाहेर उत्पन्नाचे, जातीचे, नॉन-क्रिमिलेयरचे दाखले काढायला गर्दी लोटते. त्या गर्दीतल्या बहुतेकांना आपल्या बाजूने एक कायदा उभा आहे हे ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांतले बरेच जण तो वापरायला कचरतात. पुढचे प्रश्न याच दोन गटांकडून पुन्हा पुन्हा येतात.

हा कायदा नेमका काय देतो?

सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क. पूर्ण नाव महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. तो आधी अध्यादेश म्हणून 28 एप्रिल 2015 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचं अधिनियमात रूपांतर झालं. त्याआधी कार्यालयांच्या भिंतींवर 'नागरिकांची सनद' टांगलेली असायची. त्या सनदेत मुदत असे, पण ती पाळली नाही तर कोणाला जाब द्यावा लागेल हे नसे. या कायद्याने प्रत्येक सेवेसमोर चार गोष्टी लिहिणं सक्तीचं केलं: किती दिवस, कोण देणार, पहिलं अपील कोणाकडे, दुसरं कोणाकडे. ज्याने सेवा द्यायची त्याला कायद्याच्या भाषेत 'पदनिर्देशित अधिकारी' म्हणतात.

एक पळवाटही आहे. कलम 4 मधला हक्क 'कायदेशीर, तांत्रिक व वित्तीय व्यवहार्यतेच्या अधीन' आहे. मसुदा करणाऱ्याने हे तीन शब्द का घातले ते कळायला फार डोकं लागत नाही.

माझं काम यात येतं का, हे कसं कळणार?

अधिसूचित झालेली सेवाच यात येते. उत्पन्नाचा दाखला, वय व अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जन्म-मृत्यूचे उतारे, मिळकतीचा नमुना 8 चा उतारा, पालिकेची नळजोडणी, पोलिसांकडचे काही परवाने अशी यादी बरीच लांब आहे आणि ती वाढत गेली आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर खातेनिहाय यादी मिळते. शिवाय प्रत्येक कार्यालयाने ती फलकावर लावणं बंधनकारक आहे. फलक नसेल तर मोबाइलने मोकळ्या भिंतीचा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

अंदाज यावा म्हणून: उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस, ग्रामपंचायतीतल्या जन्म नोंदीच्या दाखल्याला 5 दिवस. मुदती अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज कराल त्या दिवशीचा फलक किंवा पोर्टल प्रमाण माना.

मुदत कधीपासून मोजायची?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावर होतात. कायदा म्हणतो, सगळ्या आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज मिळाला त्या तारखेपासून. म्हणजे घड्याळ सुरू होतं ते 'परिपूर्ण' या शब्दापाशी, आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवतो समोरचा कारकून. कायद्याने कारकुनाच्या मर्जीला घड्याळ लावलं खरं, पण त्या घड्याळाची किल्ली त्याच्याच खिशात राहिली.

त्यावर उपाय एकच, पोचपावती. अर्ज दिला की पावती मिळालीच पाहिजे. तीवर अर्जाचा विशिष्ट क्रमांक, दिनांक, ठिकाण आणि कागद अपुरे असतील तर कोणते, हे हवं. तो क्रमांक टाकून अर्ज कुठवर आला ते ऑनलाइन बघता येतं. पावतीशिवाय अर्ज देऊन आलात तर या कायद्यापुरता तुम्ही अर्ज दिलेलाच नाही. कचेरीच्या आवक-टपाल टेबलावर दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. 'ठेवून जा, बघतो' या वाक्यावर भरवसा ठेवून कचेरीतून बाहेर पडू नका.

सेवा केंद्रात पैसे भरले, कागद दिले. केंद्रचालक म्हणतो सर्व्हर डाऊन आहे, पावती नंतर. काय करू?

सर्व्हर खरोखरच डाऊन असू शकतो. जूनमध्ये तर असतोच. पण कागद केंद्राच्या टेबलावर पडून असेपर्यंत सरकार-दरबारी तुमचा अर्ज जन्मालाच आलेला नसतो. म्हणून पैसे आणि कागद दिल्यावर ते अपलोड होऊन पावती छापली जाईपर्यंत थांबा, नाहीतर त्या दिवशी देऊच नका. दुसरा मार्ग म्हणजे 'आपले सरकार' वर स्वतःचं खातं काढून अर्ज स्वतः भरणं. मोबाइलवर थोडं किचकट आहे, जमत मात्र नाही असं नाही. केंद्राने घ्यायचं शुल्क सरकारने ठरवून दिलेलं असतं आणि त्याचा फलक दर्शनी लावायचा असतो. त्यापेक्षा जास्त मागितलं तर तक्रार तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते.

तहसील म्हणतं तलाठ्याचा अहवाल आला नाही, तलाठी म्हणतात मी कधीच पाठवला. आता?

ऑक्टोबर 2024 च्या आसपास तलाठ्यांचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आणि ग्रामसेवकांचं 'ग्रामपंचायत अधिकारी'. लोकांच्या तोंडी मात्र तलाठी आणि ग्रामसेवकच आहेत, आणि अहवालाची वाटही तितकीच लांब आहे.

उत्तर सरळ आहे. अहवाल कोणत्या टेबलावर अडकला हे शोधणं तुमचं काम नाही. कायद्याने मुदतीची जबाबदारी पदनिर्देशित अधिकाऱ्यावर टाकली आहे. आतला अहवाल, टिपणी, डेस्क वन, डेस्क टू हे सगळं त्याने त्या मुदतीत उरकायचं. दोन टेबलांमध्ये हेलपाटे घालत बसलात तर मुदत कधी उलटली हे कळतही नाही आणि अपिलाचे दिवस वाया जातात.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी 'त्रुटी' काढून अर्ज परत आला. हे चालतं का?

चालवतात. आकडेवारीत असा अर्ज 'निकाली' दिसतो आणि कार्यालयाचा तक्ता हिरवा राहतो. पण कागद अपुरे आहेत हे सांगायची जागा पोचपावती आहे, चौदावा दिवस नव्हे. अशा वेळी दोन गोष्टी एकत्र करा. मागितलेला कागद देऊन अर्ज पुढे सरकवा, म्हणजे काम थांबणार नाही. आणि तो कागद फलकावरच्या यादीत नसेल, किंवा आधीच जोडलेला असेल, तर पहिलं अपीलही टाका. शेवटच्या दिवशी काढलेली त्रुटी हा स्वतंत्र मुद्दा म्हणून अपिलात लिहा.

अर्ज फेटाळला तर?

फेटाळण्याची कारणं लेखी द्यावी लागतात. त्याच पत्रात अपील किती दिवसांत करायचं आणि कोणाकडे, त्या अधिकाऱ्याचं नाव-पदनाम हेही सांगावं लागतं. नुसतं 'नामंजूर' एवढा शेरा असेल तर तोच तुमच्या अपिलाचा पहिला मुद्दा.

अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं?

पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. अर्ज फेटाळल्याचं कळल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत ते करायचं. सबळ कारण असेल तर जास्तीत जास्त 90 दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. त्या अधिकाऱ्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा.

दुसरं अपील त्याच्याही वर. पहिल्याचा आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत, किंवा आदेशच आला नाही तर पहिलं अपील दाखल केल्यापासून 45 दिवस उलटल्यावर. याचा निर्णय 45 दिवसांत व्हायला हवा.

तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे, 60 दिवसांत. आयोगाने 90 दिवसांत निकाल द्यायचा.

ग्रामपंचायतीचं उदाहरण घ्या. सेवा ग्रामसेवकाने द्यायची. पहिलं अपील सर्वसाधारणपणे सहायक गटविकास अधिकाऱ्याकडे, दुसरं गटविकास अधिकाऱ्याकडे. म्हणजे दोन्ही अपिलं पंचायत समितीतच होतात, जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागत नाही. महसूलच्या दाखल्यांना ही साखळी सेवेनुसार बदलते, फलकावर पाहा.

हिशेब मांडला तर तिन्ही टप्प्यांचे नुसते निर्णयाचे दिवस 165 होतात. प्रवेशाची यादी 20 जुलैला बंद होणार असेल तर आयोगाचा डिसेंबरातला न्याय दाखल्यावाचून अडलेल्या मुलीच्या काय कामाचा? म्हणूनच या कायद्याची खरी ताकद आयोगात नाही, पहिल्या अपिलात आहे. अपील दाखल झालं की फाइल वरच्या साहेबांच्या टेबलावर दिसू लागते, खुलासा लिहावा लागतो, आणि खुलासा लिहिण्यापेक्षा दाखल्यावर सही करणं सोपं असतं. पुष्कळ वेळा दाखला सुनावणीच्या आधीच हातात पडतो. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी अपील टाका. 30 दिवस आहेत म्हणून एकोणतिसाव्याची वाट पाहू नका.

अपिलात लिहायचं काय?

अर्धं पान पुरतं. कायद्याचा कीस पाडू नका, साहेबांच्या कारभारावर निबंध तर मुळीच नको. असं लिहिलं तरी चालतं:

'मी दिनांक 3 जून रोजी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज केला. अर्ज क्रमांक व पोचपावतीची प्रत सोबत जोडली आहे. अधिसूचित मुदत 15 दिवसांची असून ती संपली आहे. आजवर सेवा मिळालेली नाही आणि कोणतेही लेखी कारण कळवलेले नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 च्या कलम 9 अन्वये हे पहिले अपील करीत आहे. सेवा तात्काळ द्यावी व विलंबाबाबत कलम 10 अन्वये कार्यवाही व्हावी.'

खाली नाव, पत्ता, मोबाइल, सही. ऑनलाइन अर्ज असेल तर अपीलही पोर्टलवरच करता येतं. कागदावर केलंत तर त्याचीही पोच घ्या.

अपील केलं आणि साहेबांनी डूख धरला तर? उद्या पुन्हा त्याच दारात जायचंय.

हा प्रश्न सगळ्यात खरा आहे आणि कायद्याच्या पुस्तकात त्याचं उत्तर नाही. गावात ग्रामसेवक एकच असतो. आज जन्माच्या दाखल्यासाठी अपील केलं तर उद्या घरकुलाच्या यादीचं काय, ही भीती निराधार म्हणता येत नाही. दोन गोष्टी उपयोगी पडताना दिसतात. एक, आधी तोंडी नव्हे तर लेखी स्मरणपत्र द्या. त्यात फक्त तारीख आणि मुदत असू द्या, राग नको. बरेचदा एवढ्यावर काम होतं आणि संबंधही टिकतात. दोन, एकाच कार्यालयात अनेकांचं अडलं असेल तर सगळ्यांनी आपापली अपिलं एकाच आठवड्यात टाका. प्रत्येकाचं अपील वेगळंच लागतं, सामूहिक निवेदन या कायद्यात बसत नाही. पण एकदम पंधरा अपिलं आली की कोणा एकावर डूख धरता येत नाही.

अधिकाऱ्याला दंड किती होतो? त्यातलं मला काही मिळतं का?

पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही किंवा उशीर केला तर 500 ते 5,000 रुपये, आणि तो पगारातून वसूल होतो. अपील दाबून ठेवणाऱ्या किंवा चुकार अधिकाऱ्याला पाठीशी घालणाऱ्या पहिल्या अपिलीय अधिकाऱ्यालाही दंड होऊ शकतो. वारंवार चुकणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

तुम्हाला मात्र छदामही मिळत नाही. देशात असा कायदा सर्वांत आधी, 2010 मध्ये, मध्य प्रदेशाने केला. तिथे दिवसाला 250 रुपये, कमाल 5,000, आणि ती रक्कम भरपाई म्हणून अर्जदाराला देता येते. कर्नाटकातल्या 'सकाल' योजनेत दिवसाला 20 रुपये, कमाल 500, तेही नागरिकाच्या हातात. रक्कम चहापाण्याची असेल, पण अर्जदाराची मजुरी बुडाली हे सरकारने कबूल केलं असा त्याचा अर्थ होतो. आपल्या कायद्याने ते कबूल केलेलं नाही. दुरुस्ती करायचीच झाली तर इथून सुरुवात व्हावी असं माझं मत आहे.

सेवा हक्क आयोग म्हणजे कोण?

मुख्य आयुक्त मुंबईत आणि महसुली विभागांसाठी आयुक्त. पहिले मुख्य आयुक्त राज्याचे माजी मुख्य सचिव स्वाधीन क्षत्रिय होते. आयोगाचं ब्रीद 'आपली सेवा आमचे कर्तव्य'. आयोग अपिलं ऐकतोच, शिवाय स्वतःहून दखल घेऊ शकतो, कार्यालयं तपासू शकतो आणि कार्यपद्धती बदलायची शिफारस सरकारला करू शकतो. हा शेवटचा अधिकार दंडापेक्षा मोलाचा आहे, कारण दंडाने एक फाइल हलते, तर कार्यपद्धती बदलली की फाइलच लहान होते. तरीही मुख्य आयुक्तपदावर सनदी सेवेतून निवृत्त झालेलेच बसावेत का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

माहिती अधिकार असताना हा वेगळा कायदा कशाला?

माहिती अधिकाराने कागद मिळतो, सेवा मिळत नाही. पण दोन्ही जोडीने वापरता येतात. दाखला अडला असेल तर लोकसेवा हक्काचं अपील करा. 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या कर्मचाऱ्याने काय कार्यवाही केली' हे माहिती अधिकारात मागा. माहिती अधिकारात दंड दिवसाला 250 आणि कमाल 25,000 रुपये आहे, म्हणून कार्यालयं त्याला जरा जास्त वचकून असतात.

माझी सेवा अधिसूचितच नाही. मग?

तेव्हा 2005 चा कायदा कामी येतो. नाव फार लांबलचक: शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसलेल्या प्रकरणात 45 दिवसांत निर्णय व्हावा, विचारावं लागणार असेल तर तीन महिन्यांत. नागरिकाला यात थेट अपील नाही, ही त्याची मोठी उणीव. तरी पत्रात या कायद्याचा उल्लेख केला की फरक पडतो.

'आपले सरकार' वर तक्रार केली तर अपील झालं का?

नाही. एकाच नावाच्या दोन खिडक्या आहेत. एक सेवांची, दुसरी तक्रार निवारणाची. तक्रारीच्या खिडकीत कितीही लिहिलंत तरी अपिलाची मुदत थांबत नाही. लोकशाही दिनाचंही तेच. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांसमोर गाऱ्हाणं जरूर मांडा, पण ते अपिलाच्या बदल्यात नको.

एकेका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, तलाठ्यांच्या जागा रिकाम्या. दंड त्यांनाच का?

तक्रार रास्त आहे. जागा भरणं मंत्रालयाचं काम, दंड मात्र शेवटच्या टोकावरच्या माणसाच्या पगारातून. कायदा 'पुरेशा व वाजवी कारणाशिवाय' असं म्हणतो, त्यामुळे अतिरिक्त कार्यभार हे कारण मांडता येतं आणि ते ऐकून घ्यायला हवं. पण त्या कारणाने नागरिकाचा हक्क संपत नाही. तीन गावांचा भार असेल तर कर्मचाऱ्यानेही ते आधी लेखी वर कळवलेलं असावं. नोटीस आल्यावर आठवलेला कार्यभार कोणी मानत नाही.

कायद्याशिवाय कार्यालयं सुधारली, असं कधी झालंय का?

झालंय, आणि आपल्याकडेच. 1980 च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची वर्गवारी, बसण्याची मांडणी आणि कामाच्या पद्धती यांची नव्याने घडी बसवली. 'लखिना पॅटर्न' हे नाव जुने महसूल कर्मचारी अजून घेतात. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' राबवली. त्यात टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे होतात: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. यात मोठं तंत्रज्ञान काही नाही. पण कोणता कागद कुठे आहे हेच माहीत नसलेल्या कार्यालयाला 15 दिवसांची मुदत घालून काय उपयोग, हे या लोकांना कळलं होतं. अडचण एवढीच की अधिकारी बदलून गेला की गठ्ठे पुन्हा एकात एक मिसळतात.

मुळात एवढे दाखले लागतातच का?

आता मुद्द्याला हात घातलात. जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, जन्माची पालिकेकडे, शिधापत्रिका पुरवठा खात्याकडे. ही सगळी खाती एकाच सरकारची, आणि तरी एका खात्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्यासाठी नागरिकाने ती कागदावर छापून, शुल्क भरून, रजा काढून वाहून न्यायची. दाखला 15 ऐवजी 7 दिवसांत दिला ही सुधारणाच, पण दाखला मागणं बंद केलं ही मोठी सुधारणा.

त्या दिशेने काही पावलं पडली आहेत. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने बऱ्याच ठिकाणी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतींऐवजी स्वतः सही केलेल्या प्रती चालतील असं ठरलं. तरी आजही काही खिडक्यांवर 'स्टॅम्प पेपरवर आणा' ऐकू येतं. 2024 च्या ऑक्टोबरात किमान मुद्रांक 500 रुपये झाला तेव्हा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांवरून गोंधळ उडाला आणि अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ असल्याचं सरकारला 2025 मध्ये पुन्हा सांगावं लागलं. सातबाऱ्याचं उदाहरण मात्र चांगलं आहे. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो आणि त्यापुरता तलाठ्याकडचा हेलपाटा वाचला.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहतो. आम्हाला हे लागू आहे का?

महाराष्ट्रातल्या कार्यालयाकडची सेवा हवी असेल तर हो. ऑनलाइन अर्ज कुठूनही करता येतो. गोव्यात सेवांच्या मुदतीचा 2013 चा वेगळा कायदा आहे. बेळगाव, खानापूर, बीदरच्या मंडळींना कर्नाटकचा 'सकाल' लागू होतो. तिथेही पावतीवरचा क्रमांक जपून ठेवा.

वकील लावावा लागेल का?

नाही. पावती, फलकाचा फोटो आणि अर्ध्या पानाचं अपील एवढं पुरतं. सुनावणीला बोलावलं तर मूळ पावती सोबत न्या आणि त्यांना दाखवायला प्रत द्या, मूळ कागद हातचा सोडू नका.